विदर्भाच्या उन्हाळ्यात पाखरं, जनावरं, झाडं कशी बघायची अन् फोटो कसे काढायचे: सांदवाडीपासून जंगलापर्यंत

उन्हाळा लागला की आमच्याकडे सगळेच म्हणतात की आता काय पाहायचं बाहेर, सगळं वाळून गेलं, जे काय ते दिवाळीनंतर थंडीत. मी वर्धा जिल्ह्यात बोर धरणाच्या बाजूच्या खेड्यात राहतो आणि माझा अनुभव एकदम उलटा आहे. उन्हाळ्यात सागाची पानं गळलेली असतात, गवत बसलेलं असतं, त्यामुळे नजर लांबपर्यंत जाते. नाले आटले की पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि ज्याला तहान लागते त्याला तिथं यावंच लागतं. आणि आपल्याकडची सगळ्यात देखणी झाडं, पळस, काटेसावर, मोह, बहावा, कुडा, ही सगळी याच कोरड्या दिवसांत फुलतात. म्हणून फिरत बसायचं नाही. पाणी, सावली आणि फुललेलं झाड यापैकी एक शोधायचं आणि तिथं गुपचूप बसायचं, उन्हाळ्यातल्या फोटोंची पद्धत म्हणजे एवढंच, बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी वेळेचं पाहा

मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या आसपास दिवस उगवतो. म्हणजे तुम्ही साडेपाचला जागेवर बसलेले पाहिजे, साडेपाचला उठलेले नाही. साडेपाच ते साडेआठ हे तीन तास सोन्याचे, उजेड तिरपा अन् मऊ असतो, पाखरं बोलत असतात, सरडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ऊन खायला येतात. नऊनंतर बाहेर काही मिळत नाही, मिळालं तरी फोटो पांढराफटक येतो. मग संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत दुसरी पाळी. मधल्या दुपारी घरीच सावलीत, त्याचं पुढं सांगतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हा ० ते ४० अंशात वापरायचा, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी आपण कॅमेरा त्याच्या मर्यादेबाहेरच वापरत असतो. मोबाईलचं तर विचारूच नका, तापला की कॅमेरा आपोआप बंद पडतो. उपाय साधा आहे, जाड सुती दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत ठेवा, गाडीच्या टाकीवर किंवा डिक्कीत उन्हात ठेवू नका, आणि तापला म्हणून फ्रीजमध्ये तर कधीच ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. सावलीत दहा मिनिटं बंद ठेवला की येतो ताळ्यावर.

स्वतःचं पण तसंच. डोक्याला दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट (पांढरा थंड राहतो पण पाखरं बिचकतात), दोन लिटर पाणी, ओआरएसचं एक पाकीट, घरचं पन्हं असेल तर फारच छान. डोकं गरगरलं, मळमळलं किंवा घाम येणं अचानक बंद झालं तर त्याच मिनिटाला सावली गाठा, अंगावर पाणी घ्या आणि कोणाला तरी बोलवा, त्या वेळेस समोर काहीही बसलेलं असो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी एकट्यानं लांब जात नाही.

सांदवाडीतला परळ: सुरुवात इथूनच करा

ज्यांना वाटतं की फोटो म्हणजे ताडोबा, त्यांना मी कळकळीनं सांगतो की पहिला महिना घरामागच्या सांदवाडीत काढा. माझे सगळ्यात चांगले पाखरांचे फोटो बाजेवर बसून काढलेले आहेत.

कुंभाराकडून मातीचा पसरट परळ घ्या, खोलगट नको, दीड दोन इंच पाणी राहील एवढाच, आणि त्यात दोन चपटे गोटे टाका म्हणजे चिमणीसारख्या लहान पाखराला उभं राहता येतं आणि मधमाशी पडली तर ती पण बाहेर निघते. परळ लिंबाच्या किंवा कोणत्याही झाडाच्या सावलीत ठेवायचा, पण दाट झुडपाला अगदी चिकटून नाही कारण तिथं मांजर दबा धरून बसते, पाच सहा फूट मोकळी जागा सोडायची. वर एक प्लास्टिकची बाटली टांगून तिच्या बुडाला बारीक छिद्र पाडा, थेंब थेंब पाणी परळात पडत राहिलं की त्या आवाजानं पाखरं जास्त येतात, हे मी दरवर्षी बघून राहिलो. पाणी दर दुसऱ्या दिवशी फेकून परळ घासून घ्यायचा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि घाण पाण्यानं पाखरं आजारी पडतात.

आता फोटोचं. परळाच्या जवळ एक वाळकी, खडबडीत फांदी जमिनीत रोवा. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही, आधी जवळ बसतं, चारही बाजूंनी पाहतं, मग उतरतं, म्हणजे तुमचा फोटो त्या फांदीवर होतो. फांदीच्या मागं काय दिसतं ते आधी पाहून घ्या. मागं दोन तीन मीटरवर सारवलेली भिंत असेल तर झकास, पण मागं वाळत घातलेले कपडे किंवा निळी ताडपत्री असेल तर फोटो गेला. तुम्ही दहा बारा फुटांवर जुन्या लुगड्याचा किंवा हिरव्या शेडनेटचा आडोसा करून मागं बसा, भोकातून फक्त लेन्स काढा. आडोसा बांधल्यावर दोन दिवस फोटोच काढू नका, पाखरांना त्याची सवय होऊ द्या.

भर दुपारी बारा ते तीन, जेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं, तेव्हा इथं गर्दी असते. बुलबुल, साळुंकी, होला, दयाळ, आणि सातभाई तर अख्खी टोळीच घेऊन येतात, कलकलाट करतात, पाणी उडवतात आणि एकदम निघून जातात. सावलीतला उजेड मऊ असतो म्हणून इथं दुपारी पण फोटो छान येतो. बसलेल्या पाखराला शटर (म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, सेकंदात) १/५०० पुरतो, आंघोळ करताना पाण्याचे थेंब गोठवायचे तर १/१६०० च्या वर न्या, आयएसओ (कॅमेऱ्याची कमी उजेडात पाहायची ताकद) ऑटोवर सोडा. मोबाईल असेल तर तो परळापासून दोन फुटांवर विटेच्या आधारानं ठेवा, व्हिडिओ चालू करून लांब जा, नंतर व्हिडिओतून फ्रेम काढा. आमच्या शेजारच्या नववीतल्या पोरीनं असाच शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) पाणी पिताना टिपला, तिच्याकडे कॅमेरा नाही, साधा मोबाईल आहे.

एक लक्षात ठेवा, थंडाव्याला परळाजवळ साप पण येतात. चप्पल नाही, बूट घालायचे, आणि संध्याकाळी टॉर्चशिवाय हात खाली घालायचा नाही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच नाही, १०८ ला फोन लावून सरळ सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं प्रतिविष तिथं मिळतं.

धुरा, पांदण अन् वावर

घराबाहेरची पहिली पायरी म्हणजे आपलंच वावर. पांदणीनं (वावराकडं जाणाऱ्या वाटेनं) सकाळी हळू चाललं तर एका किलोमीटरमध्ये महिनाभर पुरेल एवढं काम आहे.

धुऱ्यावरची रुई बघा. या उन्हातही तिला फुलं असतात, काळे मोठे भुंगे त्यावर येतात, आणि पानाखाली काळ्या पांढऱ्या पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात, मोजून घ्या. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून पान तोडायचं नाही, खाली वाकूनच फोटो काढायचा. अळीचा फोटो वरून काढला तर नुसती पट्ट्यांची दोरी दिसते, तिच्या उंचीला उतरून बाजूनं काढला तर ती पान कसं कुरतडून राहिली ते दिसतं.

सरड्यांचा हा विणीचा काळ. साध्या बागेतल्या सरड्याच्या नराचं डोकं अन् खांदे लाल होतात, गळ्याला काळा डाग येतो, आणि तो कुंपणाच्या खांबावर बसून दंड मारल्यासारखा वरखाली होतो. बरड माळावर फॅन थ्रोटेड सरडा पाहा, गोट्यावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडझाप करतो. दोघांचीही जागा ठरलेली असते, आज ज्या गोट्यावर दिसला त्याच गोट्यावर उद्याही येतो, म्हणून उद्या त्याच्या आधी जाऊन पालथं पडून राहायचं.

बोरिंगच्या बाजूला जो चिखल होतो तिथं पिवळी फुलपाखरं झुंडीनं बसतात, त्यांना मातीतले क्षार लागतात अन् यात बहुतेक सगळे नर असतात. जवळ जाताना तुमची सावली त्यांच्यावर पडली की सगळी उडतात, म्हणून सूर्य कुठं आहे ते पाहून बाजूनं, बसत बसत जा.

आता टिटवीचं सांगतो, कारण इथं माझी चूक झाली होती. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळात अंडी घालते, बहुतेक चार, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. एका मे महिन्यात मला आमच्याच वावरात अंडी सापडली अन् मी चांगला फोटो मिळावा म्हणून जवळ बसून राहिलो, नऊ वाजून गेले, टिटवी डोक्यावर ओरडून राहिली होती आणि मला वाटत होतं की ती येईल थोड्या वेळात. आजी धुऱ्यावरून ओरडली, "अरे बापू, ऊठ तिथून, अंडे शिजतीन ना!" तेव्हा कळलं. या दिवसांत उन्हाच्या वेळी टिटवी अंडी उबवत नाही, ती अंड्यांवर सावली धरून बसते. मी उठून लांब गेलो तेव्हा ती नाल्याच्या डबऱ्यात गेली, पोट पाण्यात भिजवलं, आणि ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसली. हे मी दुर्बिणीतून शंभर पावलांवरून पाहिलं आणि जो फोटो मला हवा होता त्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी होती. तेव्हापासून घरट्याचा फोटो मी काढतच नाही. तुम्हीही काढू नका. पाखरू ओरडायला लागलं, पंख पसरून लंगडल्याचं सोंग करायला लागलं, किंवा चोचीत किडा धरून नुसतंच बसून राहिलं, म्हणजे तुम्ही त्याच्या घरट्याजवळ आहात, आल्या पावली मागं फिरायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित पाखरांची घरटी, अंडी यांना धक्का लावणं गुन्हाही आहे.

धनेशाचं पण तसंच. मार्चपासून मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर वड, पिंपळ, उंबराची फळं आणून तिला भरवतो. तुम्ही ढोलीखाली उभे राहिले तर तो येतच नाही आणि आत ती उपाशी राहते. त्याऐवजी फळं लागलेल्या उंबराखाली थांबा. तिथं तो बिनधास्त येतो, सोबत आपला राज्यपक्षी हरियालही येतो, हिरव्या पानांत हिरवी कबुतरं दिसतच नाहीत म्हणून आधी पडणाऱ्या फळांचा आवाज ऐकायचा आणि मग वर बघायचं.

झाडांचे फोटो

झाड पळून जात नाही म्हणून लोक घाईत एक फोटो काढतात आणि मग घरी येऊन ओळखता येत नाही. माझी सवय अशी की प्रत्येक झाडाचे पाच फोटो, अख्खं झाड, खोडाची साल, पान वरून आणि खालून, फूल, आणि फळ असेल तर फळ. कराईसारखं झाड तर उन्हाळ्यात सालीवरूनच ओळखू येतं, पानं गळलेली आणि खोड पांढरं चकचकीत.

फेब्रुवारी मार्चला पळस, त्याच्या मागोमाग कुसुमाची लालभडक कोवळी पानं, पुष्कळ लोक त्याला फूलच समजतात. ही पानं सूर्याकडे तोंड करून, म्हणजे उजेड पानातून आरपार येईल असा काढा. एप्रिल मे मध्ये बहावा. म्हातारे सांगतात की बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, मी तारखा लिहून ठेवतो, तुम्हीही ठेवा. बहाव्याचा पिवळा अन् पळसाचा केशरी रंग कॅमेऱ्यात जळतो, पाकळ्यांवरच्या रेषाच जातात, म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) अर्ध्या ते पाऊण स्टॉपनं कमी करा, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. मोबाईलवर फुलावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

मोहाबद्दल थोडं जास्त सांगतो. मोहाची फुलं पहाटे गळतात, अंधार असतानाच टप टप आवाज येतो, आणि घरदार टोपल्या घेऊन वेचायला जातं. वेचणाऱ्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, त्यांचा तो रोजगार आहे, आणि मदत म्हणून टोपलीभर वेचून द्या. पण जंगलाजवळच्या मोहाखाली उजाडायच्या आत एकट्यानं जाऊ नका, अस्वलालाही ही फुलं फार आवडतात आणि वाकून बसलेला माणूस वाघ बिबट्याला माणूस वाटत नाही. मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करताना आपल्या भागात माणसं गेलेली आहेत, फोटोपायी तो धोका घेऊ नका. मोहाखालचा पाचोळा पेटवलेला दिसला की विझवायला सांगा, वणवे असेच लागतात. वनविभागाचा नंबर १९२६ मोबाईलमध्ये ठेवा, वणव्यासाठी आणि जखमी जनावरासाठी दोन्हीला चालतो.

तलावावर

पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळचे) आणि बोड्या (लहान तळी) आहेत, आमच्याकडे धरणाचं मागचं पाणी. उन्हाळ्यात पाणी मधे सरकतं आणि कडेला चिखल उघडा पडतो, सगळं तिथं जमतं. गोंदियाकडे गेलात तर सारसाची जोडी दिसू शकते, ते शेतातच राहतात म्हणून शेतकऱ्याला विचारूनच धुऱ्यावर पाय ठेवा.

तलावावर एक अडचण नवीन लोकांना रडवते. लांबचा फोटो घेतला की धुरकट, वितळल्यासारखा येतो आणि माणूस लेन्स खराब समजून दुकानात जातो. लेन्स चांगली असते, तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते. लेन्स कितीही महाग असली तरी या हवेला इलाज नाही, इलाज एवढाच की साडेआठच्या आत फोटो घ्या, अंतर कमी करा, आणि तापलेल्या वाळूवरून किंवा डांबरावरून नेम धरू नका. गाडीत एसी लावून खिडकी खाली केली तरी हेच होतं, गार अन् गरम हवा खिडकीतच मिसळते, म्हणून आधी एसी बंद.

पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर कमी, उजळ आभाळासमोरच्या काळ्या पाणकावळ्याला जास्त. उडत्याला १/२००० च्या वर. बाकी शेततळ्यावर जाल तर प्लास्टिकच्या कडेवर पाय देऊ नका, घसरलं की वर येता येत नाही, जनावरंही त्यातच मरतात.

जंगलात

बोर, ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा, टिपेश्वर, उमरेड कऱ्हांडला, सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. एप्रिल मे मध्ये वाघ पाण्यावर येतो हे खरं, म्हणून याच दिवसांत बुकिंग मिळत नाही. मला विचाराल तर वाघाच्या मागं गाडी पळवण्यापेक्षा गाईडला सांगा की एका पाणवठ्यावर चाळीस मिनिटं थांबू, इंजिन बंद करून. चितळ, सांबर, रोही (नीलगाय), वानर, मोर, सगळे पाळीपाळीनं येतात, आणि वाघ यायचा असेल तर आधी वानर खाकरतं, चितळ ओरडतं, कॅमेरा तेव्हाच उचलायचा. संध्याकाळी स्वर्गीय नर्तकाचा लांब शेपटीचा पांढरा नर पाण्यात सूर मारून परत फांदीवर बसतो, त्याच्यासाठी एक्सपोजर एक स्टॉप खाली ठेवा. गेटवर मोबाईलचे नियम कडक असतात, ते निघायच्या आधी बघून घ्या, आणि गाडीतून खाली उतरणं, पाखरांचा आवाज स्पीकरवर लावून बोलावणं, हे कोणी सांगितलं तरी करू नका. विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून पाखरू घरटं सोडून भांडायला येतं.

बुद्धपौर्णिमेला वनविभाग मचाणावर रात्रभर बसू देतो, त्याची नोंदणी आधी करावी लागते. फोटो फार येत नाहीत, पण चंद्राच्या उजेडात रात्रभर पाणवठा बघत बसणं एकदा तरी करा. अंधाऱ्या रात्री आकाशाचे फोटो हवे असतील तर महाराष्ट्रातल्या पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. खेड्यातल्या गच्चीवरही जमतं, अमावस्येच्या आसपास मध्यरात्रीनंतर दक्षिणपूर्वेला आकाशगंगा बघा, मोबाईल विटेवर टेकवून, शटर १५ सेकंद.

नोंद ठेवा, पण जागा सांभाळून

तारीख, वेळ, जागा, कोणतं झाड, काय करत होतं, एवढं वहीत लिहा. आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर फोटो टाकला तर ओळखायला मदत मिळते, ईबर्डवर पाखरांची यादी टाकता येते. फक्त घरट्याची, घुबडाच्या ढोलीची, खवल्या मांजराची किंवा वाघाच्या पाणवठ्याची नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथं वीस गाड्या उभ्या राहतात, आणि शिकारीही मोबाईल वापरतात.

मग मे संपता संपता ढग यायला लागतात. पावशा "पेरते व्हा" करून राहतो, चातक येतो, आणि नाल्याच्या दाट सावलीत सकाळ संध्याकाळ दोन सुरांची शीळ आली तर तो नवरंग. तो जमिनीवरच्या पाचोळ्यात फिरतो म्हणून वर बघू नका, खाली बसून राहा. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच पुढच्या सकाळी वावरात जा, दिवस घालवू नका. लाल मखमली मृगाचे किडे ओल्या मातीवर थोडेच दिवस असतात. पोट मातीला लावून झोपा, एक्सपोजर थोडं कमी करा नाहीतर लाल रंग सपाट दिसतो, आणि फोकस पुढच्या पायांवर धरा. आठ पाय मोजता आले पाहिजेत, तो किडा नाही, कोळ्यांच्या नात्यातला आहे.